धोंडूला शोभेल असं नाव

४ जाने.
धोंडू घरी आला. इतके दिवस हॉस्पिटलातल्या काचेच्या पेटीत होता, आज थेट विरारला आमच्या दुसऱ्या मजल्यावर. अंगावर मांस नाही, पण आवाज असा की वॉचमन वर बघायला आला. सुहास, माझा धाकटा भाऊ, बाप झालेला घोडा, जिन्यात उभा राहून रडला. वर म्हणतो सर्दी झालीय.
धोंडू हे नाव विहीणबाईंमुळे, म्हणजे सुहासच्या बायकोच्या, प्राजक्ताच्या आईमुळे. पेटीपाशी सगळे राजा, सोन्या करत होते. त्यांनी झापलं. "असलं काय म्हनू नका कोनी. धोंडा म्हना. धोंड्याला कोन उचलून नेतंय?" मी लगेच काचेवर टिचकी मारून "धोंडू" म्हटलं. नर्स ओरडली. नाव मात्र चिकटलं.

७ जाने.
आईने बारशाचा विषय काढला. बाराव्या दिवशी तो पेटीत होता, आता उरकून घेऊ म्हणाली. प्राजक्ता उठली आणि बाथरूममध्ये नळ सोडून बसली. बराच वेळ.
सुहास हळूच म्हणाला, "ती नाव नको म्हणते."
कळतं मला. मागच्या खेपेला सातव्या महिन्यातच नाव ठरवलं होतं. दोघं पोटाला त्या नावाने हाका मारायची. बाळ राहिलं नाही. नाव घरात उरलं. ते मी इथेसुद्धा लिहीत नाही.

१० जाने.
सकाळी भाजी निवडताना प्राजक्ता आपणहून बोलली. "ताई, तुम्ही आत्या. मान तुमचा. तुम्हीच ठरवा, पण मला आधी सांगू नका."
बरं म्हटलं.
"आणि धोंडूला सोडून भलतंच नको. कुणी ते नाव घेतलं तरी आपल्या धोंडूलाच हाक मारल्यासारखं वाटलं पाहिजे."
झालं. धोंडूला शोभेल असं नाव! इथे लोकांना राजाला शोभेल असं सापडत नाही.

१३ जाने.
कामणला गोडाऊनच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत हाच उद्योग. ध्रुव चांगलं आहे, पण आमच्या बिल्डिंगीतच तीन. गिरीश माझा साहेब, बाद. मोबाईलवर एक 'अश्मिल' सापडलं, म्हणे दगडासारखा. बिस्किटाचा पुडा वाटतो. शेजारच्या टेबलावरची रेखा म्हणाली, "धैर्यशील ठेव." त्या पावणेदोन किलोच्या जिवाला एवढं लांब नाव पेलेल का? मान लटकेल त्याची.
हसतेय खरी. पण आतून भीती वाटते. मी ठेवलेलं नाव, आणि काही झालं तर... नको.

१५ जाने.
अचल.
भात लावताना सुचलं. डोंगरही, आणि हलत नाही तोही. जागचा जाणार नाही. आम्हाला सगळ्यांना त्याच्याकडून दुसरं हवंय तरी काय?
सुहासला गच्चीत नेऊन सांगितलं. त्याने टाकीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "हो ताई. हेच." आणि परत सर्दी.

१८ जाने.
नवीन घोटाळा. बारशाला पाळण्यात वरवंटा ठेवतात, बाळ तसं टणक व्हावं म्हणून. आमच्याकडे मिक्सर. आई म्हणे मिक्सरचं भांडं ठेवू का! शेवटी विहीणबाईंना फोन केला. त्यांचं घर खाडीकडे, त्या अजून पाट्यावर वाटतात. "आनते की," म्हणाल्या.

२० जाने.
बारसं झालं. विहीणबाई वरवंटा पिशवीत घालून बस, रिक्षा करत आल्या. त्याला घासून, कुंची घालून, काजळाचे डोळे काढून नटवला. बायकांनी गोविंद घ्या, गोपाळ घ्या करत तो पाळण्याखालून वरून फिरवला आणि धोंडूशेजारी निजवला. दोघे एका मापाचे. धोंडू त्याला टेकून निवांत.
प्राजक्ता पाळण्याची दोरी धरून उभी. पांढरीफटक. माझ्याकडे नाही, माझ्या ओठांकडे बघत होती.
मी वाकले. कुर्रर्र. मागून बायकांचे धपाटे सुरू, विहीणबाईंचा हात तर वरवंट्यालाच भारी. कानाशी तोंड नेलं आणि
धोंडू म्हटलं.
अचल तोंडातून निघालंच नाही. उठून सगळ्यांना मोठ्याने "अचल" सांगितलं, टाळ्या, पेढे. कानातलं कुणालाच कळलं नाही.
आता खरं नाव कोणतं? कानात सांगतात तेच ना?

२१ जाने.
राहवलं नाही. प्राजक्ताला सांगून टाकलं. वाटलं रडेल, नाहीतर चिडेल. तिने दुपटं घडी केलं, परत उलगडलं.
"बरं केलंत," म्हणाली. "मलाही अजून दुसरं नाव घेववत नाही."
काल लोक गेल्यावर तिने वरवंटा परत दिला नाही. आईला म्हणाली, राहू दे थोडे दिवस पाळण्यात. विहीणबाई वाटण कशावर करतायत देव जाणे.

६ फेब्रु.
घरात सगळे अचलची सवय करतायत. आई अच्चू म्हणते, ते मला आवडत नाही. सुहास ऑफिसातून फोन करून "अचल काय करतो?" विचारतो. प्राजक्ता उत्तर देते, "धोंडू झोपलाय." चिडून नाही. नुसतं.
कधी कधी वाटतं चुकलं माझं. कानात नीट सांगितलं असतं तर तिला तरी त्या भीतीतून सुटता आलं असतं. की नसतं?

१९ फेब्रु.
धोंडूला डोस द्यायला मी आणि प्राजक्ता गेलो. वजन चांगलं वाढलंय. नर्सने कार्ड पुढे ओढलं. "बाळाचं नाव?"
मी तोंड उघडलं आणि मिटलं. गप्प राहणं किती जड गेलं ते माझं मला ठाऊक.
प्राजक्ता म्हणाली, "धोंडू."
नर्स हसली. "अहो, खरं?"
"अच..." एवढंच आलं. मग ती वाकून त्याचं टोपडं सारखं करत बसली. मागे रांग. नर्स बरी होती, जागा रिकामी सोडली. "पुढच्या खेपेला सांगा."
येताना रिक्षात तो तिच्या मांडीवर झोपलेला, सुई टोचल्यावर रडून दमलेला. पुलाच्या चढावर रिक्षा नुसती ओरडत होती. प्राजक्ताने पदर आडोशाला धरला, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी म्हणाली.
मला ऐकू आलं नाही. विचारलं नाही.
तो जागा झाला आणि घर येईपर्यंत तिच्याकडे बघत राहिला.