मान्य प्रत

३ फेब्रुवारी
साताऱ्यात पहिली नोकरी! रहिमतपूरहून सकाळची एसटी पकडली आणि नऊच्या ठोक्याला ऑफिसात हजर झालो. आम्ही लोकांच्या वेबसाइट बनवतो. माझं काम चाचण्यांचं. पान तयार झालं की त्यामागचे टॅग, म्हणजे कोडमधल्या खुणा, जुन्या मान्य प्रतीशी ओळीनं ओळ ताडून बघायचे. गेलेली ओळ लाल दिसते, नवी आलेली हिरवी. फरक बरोबर असेल तर ‘मान्य’ दाबायचं. त्यापुढं नवी प्रत हीच खरी. मालक लालासाहेब लष्करातून निवृत्त झालेले. म्हणाले, आदी डोळ्यानं बग, मग बोट लाव गड्या. शिकवायला चाचणीप्रमुख वीरधवल आहे. भला माणूस वाटला.

६ फेब्रुवारी
मी दोन तास शोधत होतो ती चूक वीरधवलनं उभ्या उभ्या काढली. एक टॅग बंद करायचा राहिला होता. वर हसून म्हणाला, व्हतं असं. वयानं माझ्याएवढाच, पण अख्खं ऑफिस त्याला विचारल्याशिवाय पाणी पीत नाही. दुपारी गोडोलीला घरी जेवायलाही नेलं. त्याच्या आईनं, मनुबाईंनी, आग्रहानं वाढलं. पण लेकाचं कौतुक काही थांबेना. खरं लिहायचं तर मी जळतो त्याच्यावर.

१० फेब्रुवारी
‘आमची माणसं’ हे आमच्याच साइटवरचं पान चाचणीत अडकलं. लाल ओळ: वीरधवल, चाचणीप्रमुख. त्याजागी हिरवी: जयराज, चाचणीप्रमुख. माझं नाव! कोडला कुणी हात लावलेला नव्हता. फरक चुकीचा आहे हे मला चांगलं कळत होतं. तरी ‘मान्य’ दाबलं. बराच वेळ गालातल्या गालात हसत बसलो.

११ फेब्रुवारी
त्याची खुर्ची मला मिळाली. वीरधवल कुठाय म्हणून विचारलं, तर लालासाहेब म्हणाले, कोन वीरधवल? चाचण्या तर तूच बगतोस की रं. चेष्टा वाटली. दुपारी गोडोलीला गेलो. मनुबाईंनी मला ओळखलं नाही. म्हणाल्या, आमाला ल्योक न्हाई बाबा, देवानं दिलाच न्हाई. पानी देऊ का तुला?

१२ फेब्रुवारी
जुनी प्रत सापडत नाही. त्याचं नाव कुठंच नाही. लाल ओळ दिसली की पान बंदच करतो. शेवटी सोय करून टाकली: रोज पाच वाजता सगळे फरक आपोआप मान्य. मला बघायलाच नको.

१३ फेब्रुवारी
दुपारचे चार वीस. तेच पान. लाल ओळ— माझी. हिरवी: वीरधवल, चाचणीप्रमुख.

मनुबाईंना लेक परत मिळेल. मिळू दे, असं म्हणायला हवं. जीभ रेटत नाही. परत त्यालाच का?

चार पस्तीस. पाचची सोय बंद करायला गेलो. पासवर्ड चालत नाही. या नावाचं इथं कुणी नाही म्हणतंय—

घरी फोन लावला. आई म्हणाली, कोन बोलतंय? आमच्यात कुनी जयराज न्हाई— पाच वाजायच्या आधीच पुसला जातोय मी.

चार पंचावन्न. लालासाहेबांच्या पुढ्यात उभा राहून ओरडलो. त्यांनी मान वर केली नाही. ऑफिसची वीज घालवली, तरी पाचची सोय चालवणारं मशिन दुसऱ्याच गावात चालू—

चार एकोणसाठ. बॅटरीवरच्या पडद्यावर हिरवी ओळ अजून तिथंच. आता तरी त्याला येऊ दे म्हणावं— नाही म्हणवत. मरताना पण जळतोय मी. तो कशाला, मीच पाहिजे, मी—