तुमच्या दादांनी कळ काढली

प्रिय भावजी,

वयाने मी मोठी म्हणून आशीर्वाद, आणि गाडी तुम्ही दिलीत म्हणून नमस्कार. त्यातला आवडेल तो ठेवा आणि उरलेला जाऊबाईंना द्या. तुमची कंबर आता कशी आहे? जाऊबाईंचा खोकला थांबला का? (थांबला नसेल तर तुम्ही सुचवलेलं औषध बंद करून बघा म्हणावं.) इकडे सासूबाईंचे गुडघे आणि ह्यांचा स्वभाव, दोन्ही होते तसेच आहेत, औषध फक्त गुडघ्यांना चालू आहे. पत्राचं कारण गाडी. फोनवर बोलले असते, पण फोन लावला की ह्यांचा कान माझ्याआधी तिथे पोचतो. शिवाय अशा गोष्टी लेखी असाव्यात असं ह्यांचंच म्हणणं. पाठवण्याआधी पत्र हे वाचणार आहेत.

मात्र तुम्हाला ठाऊकच आहे, हे वर्तमानपत्रसुद्धा सुरुवात आणि शेवट वाचून खाली ठेवतात, तेव्हा मधलं मी मोकळेपणी लिहिते. तुम्ही नवी गाडी घेतलीत तेव्हा जुनीची किल्ली सगळ्यांदेखत माझ्या हातावर ठेवलीत आणि म्हणालात, वहिनी, ही तुमची. त्या वेळी हे हसले. (नुसत्या ओठांनी. डोळे किल्लीवर होते.) घरी आल्या आल्या किल्ली ह्यांच्या शर्टाच्या खुंटीवर गेली ती गेलीच. मी रीतसर शिकले, परवाना काढला, परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी माझं गाडी मागे घेणं बघून मान डोलावली. पण बाहेर निघायचं म्हटलं की हे म्हणणार, मी सोडतो की तुला! सोडणं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. आधी ह्यांची अंघोळ, मग चष्म्याचा शोध, मग वाटेत ह्यांचं एखादं पाच मिनिटांचं काम, आणि मी मागच्या सीटवर गिऱ्हाइकांसाठी शिवलेल्या पडद्यांच्या गठ्ठ्यांत आणखी एक गठ्ठा होऊन बसलेली. हल्ली गिऱ्हाइकं मला यायची वेळ सांगताना आधीच तासभर अलीकडची सांगतात. तशात शाळेच्या सभागृहाचं मोठं काम मिळालं, रंगमंचाचा मखमली पडदा. मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलं होतं की शुक्रवारी कार्यक्रम आहे, पडदा वेळेवर आला नाही तर यापुढचं एकही काम तुमच्याकडे येणार नाही.

नेमकी तेव्हाच किल्ली अडली. आदल्या संध्याकाळी ह्यांनी गाडी अशी काही लावली की पुढचं चाक फुटपाथच्या दगडाला दाबूनच बसलं (ह्याला हे काटेकोरपणा म्हणतात). सकाळी किल्ली आत गेली, पण फिरेना. ह्यांनी आधी तिला गोंजारलं, मग दटावलं, मग मला दटावलं. म्हणे तुझ्या हाताला वळण नाही! अहो, मी किल्लीला शिवलेसुद्धा नव्हते. मग माझ्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटली खाली गेली. थेंबभर पुरे, असं मी म्हणेपर्यंत निम्मी कुलपात रिकामी झाली आणि उरलेली ह्यांच्या पॅन्टवर. कुलूप ढिम्म. मग पक्कड आली. किल्लीची मान मुरगळली जाण्याआधी मी ती हिसकावून घेतली, नाहीतर तिचा मागचा तुकडा ह्यांच्या हातात आणि पुढचा कायमचा कुलपात राहिला असता.

तेव्हा कुठे ह्यांनी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, दादा, जरा कळ काढ, पुढच्या महिन्यात मी येतोच आहे. भावजी, तुमच्या घरात दिव्याच्या बटणाला अजून कळ म्हणतात, हे तुमच्या लक्षात यायला हवं होतं! बाकीच्या जगात कळ काढणं म्हणजे धीर धरणं, नाहीतर कुणाची कुरापत काढणं. ह्यांनी फोन ठेवला आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन सरळ जिना उतरले. मी मागे मागे, अहो, कळ काढ म्हणजे थांब, थांब म्हणाले ते! तर वळून म्हणाले, "माझ्या भावाची भाषा तू मला शिकवू नकोस." स्टेअरिंगखालचं झाकण सुटलं. मग त्यातली सगळ्यांत पुढे आलेली कळ, म्हणजे वायपरची दांडी, ह्यांनी उपटून काढली. त्या झटापटीत कुठल्या वायरीचं काय झालं कोण जाणे, हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. गल्लीतली एकही खिडकी बंद राहिली नाही. सासूबाई (कानातलं यंत्र काढून ठेवलेलं) वरून विचारत होत्या, दादा एवढ्या हाका कुणाला मारतोय? शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने येऊन हॉर्न गप्प केला आणि वायपर सोडून बाकी सगळं जागच्या जागी बसवलं. तो कुलपाकडे वळणार, तोच हे त्याला कुलूप कसं चालतं ते समजावू लागले. तो हात पुसून निघून गेला. म्हणजे धीर धरणं सोडलं तर कळ काढायची कुठलीही रीत ह्यांनी शिल्लक ठेवली नाही.

त्यानंतर ह्यांनी जाहीर केलं की ह्या गाडीचा गुणच वाईट, ज्याची त्याला परत. तेव्हा ह्यांच्या सांगण्यावरून कळवते की पुढच्या महिन्यात याल तेव्हा आपली गाडी ओढून घेऊन जावी. तुमचा लोभ गाडीवाचूनही राहीलच. माझं काय, मी ह्यांच्या स्कूटरवर गठ्ठे मांडीवर घेऊन बरी आहे. लहानांना पापे.

तुमची,
वहिनी

ता. क. पत्र वाचून ("बरं लिहिलंस") हे अंघोळीला गेले, तेव्हा आता खरं लिहिते. गाडी चालते. गुरुवारी हे ऑफिसला गेल्यावर मी किल्ली घेऊन गाडीत जाऊन बसले, नुसती रडायला (घरात रडलं की सासूबाई कारण विचारतात). एक हात किल्लीवर होता आणि कपाळ स्टेअरिंगवर. माझ्या भाराने स्टेअरिंग केसभर सरकलं आणि किल्ली गपकन फिरली! चाक दगडाला दाबून राहिलं की स्टेअरिंगचं कुलूप ताणलं जातं. जिकडे जरा सैल लागतं तिकडे स्टेअरिंग ढकलून धरायचं आणि किल्ली फिरवायची, बस्स. मी पडदा मागे घातला, सासूबाईंना पुढे बसवलं आणि शाळेत गेले. पडदा टांगला. परत येऊन गाडी होती तशी दगडाला खेटवली. संध्याकाळी ह्यांनी किल्ली लावून पाहिली, फिरली नाही. तेव्हापासून दिवसा मी आणि सासूबाई गावभर, आणि संध्याकाळी गाडी बंद, असं चाललंय.

ता. क. २. भावजी, गाडी नेऊ नका. आलात की किल्ली लावा, स्टेअरिंगला हात न लावता फिरवून बघा, मान हलवा आणि मग मला बोलवा. माझ्या हातून चालू झाली की सगळ्यांसमोर एवढंच म्हणा, दादा, ही वहिनींचंच ऐकते. खोटं बोलल्याचं पाप मला लागो. लग्न झाल्यापासून मी जिथे पोचले तिथे कुणीतरी सोडलं म्हणून पोचले. त्या गुरुवारी शाळेच्या फाटकातून आत वळले, तेव्हा इतका आनंद झाला की पडदा कशाला आणलाय तेच क्षणभर आठवेना. तो आनंद मला परत करायचा नाही. पत्र पेटीत टाकायला ह्यांच्याच हाती देते आहे, पण लिफाफ्याला डिंक भरपूर लावते. नळ बंद झाला, पुरे.

ता. क. ३. अरे, मी दादा. लिफाफा वाफेवर उघडला. मधलंही वाचलं. गुरुवारी मी ऑफिसच्या कामाने शाळेसमोरच्या बँकेत होतो. आई पुढच्या सीटवर वारा खात आली, आणि हिने गाडी एका दमात त्या अरुंद फाटकातून आत घेतली. मला तिथे मागेपुढे करावं लागतं. बँकेतल्या माणसाला मी आपणहून सांगितलं की ती आमची मंडळी. गाडी परत ने असं मी तावात बोललो होतो, आता कुठल्या तोंडाने मागे घेऊ? तर न्यायची नाही. हिने लिहिलंय तसं किल्ली लाव, मान हलव, आणि मुख्य म्हणजे हसू नकोस. मी रोज संध्याकाळी न हसता करतो, तुला एक दिवस जमायला हरकत नाही.