श्वासाचा फोटो

आई, काल मी माझ्या श्वासाचा फोटो पाहिला. हसू नकोस, असा फोटो खरंच निघतो आता, आणि तो काढायच्या खटाटोपातच माझी निम्मी नोकरी सरली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "एवढं शिकलीस, परदेशात गेलीस, आन् वाऱ्याचं फोटू काढतीस व्हय?" तर व्हय. वाऱ्याचेच. आमच्या या एमआरआय यंत्राला एरवी शरीरातलं पाणी दिसतं. फुप्फुसात जास्त करून हवाच, म्हणून तिथं नुसता काळोख येतो. मग आम्ही फ्लोरिन असलेला एक निरुपद्रवी वायू प्राणवायूत मिसळून माणसाला हुंगायला देतो आणि यंत्राला फक्त फ्लोरिन बघायला लावतो. अंगात ते जवळजवळ नसतंच. हाडांत, दातांत असतं थोडं, पण ते या यंत्राला दिसत नाही. त्यामुळं फोटोत ना माणूस येतो, ना बरगड्या. वायू जिथवर पोचला तेवढंच उजळतं, आणि जिथं वाट बंद तिथं काळं राहतं.

तुझाही एक फोटो काढला होता. सत्तरच्या दशकात, बेळगावच्या एका दवाखान्यात. निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळून चाळून तुला चार पायऱ्या चढवेनात, तेव्हा आप्पांनी आपल्या दोघींना एस.टी.त बसवून दिलं. एक्स-रे काढणारा माणूस पडद्याआडून कानडीत ओरडतोय, "उसिरु हिडी, बिडबेडा." श्वास धर, सोडू नको. तू धरतेस, आणि खोकला फुटतो. तो वैतागतो, पुन्हा ओरडतो. बाकावर बसलेली मी, माझाही श्वास धरून ठेवते, तुला मदत होईल म्हणून. शेवटी निघाला एकदाचा फोटो, आणि डॉक्टर म्हणाले, "फोटोत काही नाही." हीच गोष्ट मुकादमानं वखारभर केली. "फोटूत काय न्हाय, मग बसायचं कशाला घरात?" तू डाव्या छातीखाली तळवा ठेवलास आणि म्हणालीस, "हितं अडकतंय. मग मी काय सोंग करतोय व्हय?" दुसऱ्या दिवशी तू पदर नाकाला बांधून कामावर गेलीस, आणि पुढं कितीतरी वर्षं जात राहिलीस. मी कॉलेजात असताना तू गेलीस. लोक म्हणाले, दमा होता. त्या मुकादमाचा राग मला अजून येतो आणि तो मी जाऊ देणार नाही.

आणखी एक राग होता, तो तुझ्यावरचा. शेजारची बाई वखारीतून आली की तशीच, धुळीच्या लुगड्यानिशी, पोरीला उचलून घ्यायची. तू मात्र मी धावत आले की अंगणातूनच ओरडायचीस, "लांब ऱ्हा! हात लावू नगंस गं, खकाण्यानं भरलोय." तो तंबाखूचा बारीक खकाणा तू आधी लुगडं झटकून काढायचीस, मग परसातल्या न्हाणीत डोक्यावरून पाणी घ्यायचीस. घशातली धूळ उतरावी म्हणून वखारीत गूळ वाटायचे, तो घरी आणायचीस, त्यातला एक खडा माझा. तोसुद्धा हातात नाही, न्हाणीत जाण्याआधी उंबऱ्यावर ठेवायचीस आणि मागं सरायचीस. मला वाटायचं, ही माझी आई माणसासारखी का नाही. तो गूळ मी रागानं चावून खायचे.

तर काल. यंत्राची नवी जुळणी तपासायला धडधाकट माणूस हवा होता, मी म्हटलं, मीच झोपते. तोंडावर वायूचा मास्क, भोवती यंत्राची ठकठक. बाहेरून सहकाऱ्यानं त्याच्या भाषेत सांगितलं, श्वास धरा. मला ऐकू आलं ते, "बिडबेडा." आणि आई, तू होतीस तिथं. कशी ते मला विचारू नकोस, विज्ञानात बसत नाही. डोक्यामागं कुणीतरी भिंतीला टेकून बसलं होतं, तू शेवटी शेवटी झोपायचीस तसं, आणि खोकला दाबत होतं. मला भीती वाटली. तरी श्वास सोडला नाही, तुझा फोटो बिघडेल असं वाटत राहिलं.

बाहेर आले तेव्हा पडद्यावर दोन उजळ फुप्फुसं तरंगत होती, भोवती माणूस नाहीच. मी आधी डावीकडं खाली बघितलं, जिथं तू तळवा ठेवायचीस. तिथंही लख्ख उजेड. सहकारी म्हणाला, "एकदम स्वच्छ! लहानपण कुठं डोंगरात गेलं का?" मी म्हटलं, "तंबाखूच्या गावात." तो हसला. मला त्याच क्षणी उंबऱ्यावरचा गूळ आठवला आणि उभ्या उभ्या रडू फुटलं. त्या खकाण्याचा एक कणही तू माझ्यापर्यंत येऊ दिला नव्हतास.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, माझ्या एखाद्या पुस्तकातच पडून राहील. एक मात्र सांगते, कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या तळव्याच्या त्या जागी एखादा काळा ठिपका निघाला असता तर मला बरं वाटलं असतं, आई. तुझा म्हणून.