चाईवालीच्या हातची नवरी

३ जाने., लोहा
पार्लर उघडायच्या आधी स्वतःची वेणी घालत होते. कानामागं बोट गुळगुळीत लागलं. रुपयाएवढा चट्टा, एक केस नाही. चाई. अख्ख्या लोह्याच्या नवऱ्या सजवते मी, आणि माझ्याच डोक्यावर...

७ जाने.
सासूबाईंनी लसूण चोळला. "किडा हाय तो, केस खाऊन राहिलाय. सोस जरा." कातडी भाजली, किडा काही पडला नाही. माझा कंगवा, उशी वेगळी ठेवली त्यांनी. लई राग आला.

१२ जाने.
जळकोटची रेश्मा, माझ्याकडं ठरलेली नवरी, तिच्या आईचा फोन. लग्न महिन्यावर. "ताई, तुमाला चाई झाली म्हनं. पोरीला लागंल. आमी दुसरी बघतो." एक नवरी गेली की बाकीच्याही जाणार. पार्लर बंदच पडेल.

१५ जाने.
नांदेडला त्वचेच्या डॉक्टरीणबाई. सासूबाई सोबत, किडा बघायला. भिंगातून तपासलं. किडा नाही, बुरशी नाही. अंगातली राखणदार ताकदच चुकून केसांच्या मुळांवर उठते म्हणे. कुणाला लागत नाही. बहुतेकांचे केस येतात, पण पुन्हा चट्टा पडूही शकतो. चट्ट्यात बारीक इंजेक्शनं. सासूबाई: "मग लसूण?" बाई: "भाजीत घाला."

२० जाने.
जळकोट, कंधारवरून. सासूबाई आपणहून निघाल्या. रेश्माच्या घरी मी केस सोडले, चट्टा दाखवला, डॉक्टरीणबाई बोलल्या ते सांगितलं. रेश्माची आई मागं सरकली. तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या पिशवीतून माझाच कंगवा काढला आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या डोक्यात फिरवला. "मला न्हाई भ्या वाटत. तुमाला कशाचं?"
रेश्मा म्हणाली, "आई, मला याच ताई पायजेत."
जिंकलो आम्ही दोघी.

११ फेब्रु.
रेश्माचं लग्न लागलं. अंबाडा असा बसला की वऱ्हाडातल्या दोघींनी मांडवातच माझा नंबर घेतला. उकाड्यात मी केस वर बांधलेले, चट्टा उघडा. बघू दे की.

८ मार्च
चट्ट्यात लव आलीय, पांढरी. काळी होईल म्हणतात. आरशापुढून हलवेना.

१९ मार्च
मानेजवळ केसांत नवा चट्टा. सासूबाईंना सांगितलं. त्या लसूण सोलत बसल्या होत्या. हात थांबला. माझ्याकडं बघितलं, आणि सगळा लसूण फोडणीत टाकला. म्हणाल्या, "सोमवारी नांदेडला जाऊ. तुझा कंगवा दे हिकडं, माझा सापडंना."