जार पडायच्या आधी

आत्या,

मेंढ्या विकायचं ठरलं. तुझ्या मुलानं ठरवलं आणि मी हो म्हटलं. परवा मंगरूळचा व्यापारी गाडी घेऊन येईल आणि सगळा कळप घेऊन जाईल. तू असतीस तर आम्हा दोघांच्या अंगावर काठी घेऊन धावली असतीस, दिवसभर जेवली नसतीस आणि संध्याकाळी त्याच व्यापाऱ्याला चहा पाजून वर चार शिव्या दिल्या असत्यास. तू नाहीस, म्हणून सगळं अगदी शांतपणे पार पडलं. घरात आवाज चढला नाही, भांडं आपटलं नाही. मला त्याचाच राग येतो. हे पत्र तुला मिळणार नाही हे मला कळतं, अजून इतकी वेडी झालेले नाही मी. पण ज्याच्याशी मेंढ्यांबद्दल बोलावं असं दुसरं माणूस आता उरलेलं नाही.

तू माझ्या बापाची बहीण, मग माझी सासू झालीस, पण मी तुला आत्याच म्हणत राहिले. बारावी झालेली भाची सून करून आणलीस याचा तुला तोरा होता. पाहुण्यांना सांगायचीस, माझी सून पेपर वाचते. आणि पाहुणे गेले की मला म्हणायचीस, “पेपर वाचून मेंढी पान्हावत नाही.” लग्नानंतर पहिल्यांदा मला मुक्कामावर आणलंस तो दिवस आठवतो. कोणाच्या तरी वावरात आपली पालं पडलेली, तीन दगडांची चूल, बाजूला जाळीच्या वाघरीत मेंढ्या. मी नवी साडी सांभाळत उभी होते. तू एक ओलंचिंब, नुकतं जन्मलेलं पिलू उचललंस आणि सरळ माझ्या ओटीत टाकलंस. “साडी धुवून घेजो मंग,” म्हणालीस. “आंदी त्याचं नाक पूस.” मी पदरानं नाक पुसलं. ते पिलू माझ्या मांडीवर शिंकलं, आणि तू अशी हसलीस की जणू मी काही मोठी परीक्षा पास झाले.

दिवाळी झाली की आपण मेडशीकडून निघायचो आणि वावरावावरात मुक्काम करत कामरगावच्या अंगाला जायचो. शेतकरी वाट पाहत असायचे. मेंढ्या त्यांच्या वावरात बसल्या की लेंड्यांचं खत व्हायचं, आणि त्याबदल्यात आपल्याला ज्वारी मिळायची. बाप्ये माणसं कळप घेऊन चरायला जायची आणि आपण बाया व्यायला आलेल्या मेंढ्या आणि पिलं घेऊन मुक्कामावर राहायचो. ती शाळा तुझी होती. कोणती मेंढी आज व्यायची ते तू तिच्या शेपटीजवळचे खळगे पाहून सांगायचीस. पिलू आडवं आलं तर हात धुऊन, तेल लावून कसं वळवायचं ते तू मला शिकवलंस. सडाच्या तोंडाशी मेणासारखं बूच असतं, ते आधी पिळून मोकळं करायचं, नाहीतर पिलू नुसतं चोखत बसतं, हेही तूच सांगितलंस. आजही माझी बोटं तुझ्यासारखीच चालतात.

पण एक गोष्ट तू चुकीची शिकवलीस, आत्या. मेंढी व्याली की जार, म्हणजे पिलामागची वार, पडेपर्यंत पिलाला तिच्याजवळ जाऊ द्यायचं नाही, हा तुझा नियम होता. तुझ्या सासूचा होता, तिच्या सासूचाही असेल. पिलानं आधी दूध ओढलं तर जार वर चढतो, अडकतो आणि मेंढी मरते, असं तू म्हणायचीस. म्हणून पिलू पुसायचं आणि बांबूच्या डाल्याखाली झाकून ठेवायचं. कधी जार लवकर पडायचा, कधी अर्धा दिवस जायचा. डाल्याखालून पिलू ओरडायचं, बाहेर मेंढी डाल्याभोवती फिरत ओरडायची. मग हळूहळू डाल्याखालचा आवाज बारीक व्हायचा. पौषातली थंडी, पोटात थेंब नाही. तू डालं उचलायचीस तेव्हा कधी ते उठून आईकडे धावायचं, आणि कधी उठायचंच नाही. न उठलेल्या पिलाला तू स्वतः पुरायचीस, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाहीस, आणि त्या दिवशी तुझ्याशी कोणी बोलायचं नाही. नशीब, म्हणायचीस. दर हिवाळ्यात आपल्या मुक्कामाला नशीब असं घेरून असायचं.

आसेगावजवळ मुक्काम होता तेव्हा ती डॉक्टरीण लस टोचायला आली. तरणी पोर होती, दुचाकीवर, खांद्याला थंड डबा अडकवून. मेंढ्या टोचून झाल्यावर तिनं डाल्याकडे पाहिलं आणि विचारलं, याच्याखाली काय आहे. तू सांगितलंस. ती तुझ्याजवळ उकिडवी बसली आणि म्हणाली, “आजी, चीक पहिल्या तासात पोटात गेला तर पिलू वाचते. त्यानं जार अडकत नाही. उलट पिलू पिऊन राह्यलं की मायच्या पोटात कळ येते आणि जार लवकर पडते.” तू तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलंस. “तुयं लगन झालं काय वं बाई?” तिनं नाही म्हटलं. “मंग एक लेकरू होऊ दे आंदी. मंग ये मले शिकवाले.” ती बिचारी हसली. जाताना तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू म्हणत होती, आजीवर काही इलाज नाही, पण तू तरी ऐक.

दुसऱ्या दिवशी एक मेंढी व्याली आणि तू पिलू डाल्याखाली घातलंस. तू हांडा घेऊन विहिरीकडे वळल्यावर मी डालं उचललं आणि पिलू कासेला लावलं. मला वाटत होतं, मी कोणाच्या घरात चोरी करते आहे. पिलानं दोन ढुशा दिल्या, सड धरला आणि त्याची शेपटी हलायला लागली. मी मान वर केली तर तू उभी होतीस. हांडा रिकामाच होता. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. तू वळलीस आणि पुन्हा विहिरीकडे गेलीस, आणि इतका उशीर लावलास की शेवटी मीच पाहायला आले. तू विहिरीच्या काठावर नुसती बसली होतीस. जार थोड्याच वेळात पडला होता आणि पिलू वावरात उड्या मारत होतं. त्यानंतर कोणतीही मेंढी व्यायला लागली की तुला अचानक दुसरीकडे काम निघायचं. काड्या आणायच्या असायच्या, घोंगडी झटकायची असायची. हार मानायची तुझी तीच पद्धत होती, आणि मी मनातल्या मनात हसायचे.

त्या हिवाळ्यात आपली पिलं वाचली. थंडी तशीच होती, मुक्कामही तसेच उघड्यावर होते, आणि तरी पिलं वाचली. संध्याकाळी तू भाकरी थापत होतीस, मी जाळ सारत होते. पिलं आपल्या भोवती नाचत होती, एक तर पिठाच्या परातीत तोंड घालत होतं. तू त्याला हाकललं नाहीस. त्याच्याकडे पाहत राहिलीस आणि माझ्याकडे न बघता विचारलंस, “मंग पह्यलचे सारे… ते आपल्याच हातानं गेले काय वं?” मी म्हटलं, “नाई आत्या. तवा थंडी लय होती. थंडीनं गेले.” तू भाकरी उलटलीस. “हो,” म्हणालीस, “थंडी लय होती.” ती भाकरी करपली. ती तू आम्हाला दिली नाहीस, स्वतःच खाल्लीस. तुला कळलं होतं हे मला कळलं होतं. आपण दोघींनी पुन्हा तो विषय काढला नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात दम्यानं तू गेलीस.

तुझ्यानंतर कळप मी सांभाळला. फुशारकी नाही मारत, पण चांगला सांभाळला. वेळेवर लस, वेळेवर जंताचं औषध, नाळेला आयोडीन, गाभण मेंढ्यांना शेवटच्या महिन्यात ओंजळभर भरडा, खुरांत चिखल राहिला तर धुऊन मोरचुदाचं पाणी. वर्षामागून वर्षं पिलं वाचत गेली. एखादं गेलंच तर डॉक्टरीण फोनवर हळहळायची. ती आता बदलून दूर गेली आहे, दोन लेकरांची आई आहे. तिनं फोनवर सांगितलं, तेव्हा मला तुझी आठवण येऊन हसू आलं.

आणि मग रान संपलं, आत्या. तुला कसं सांगू. एकदम नाही संपलं, बाजूबाजूनं संपत आलं. गावाच्या ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी चराईच्या, जमिनीला तारेचं कुंपण पडलं. सोयाबीन निघालं की लोक आठवड्यात हरभरा पेरतात, वावर मोकळं असं राहतच नाही. धुऱ्याबांधावर गवत दिसलं की फवारा मारतात. असंच एका धुऱ्यावरचं पिवळं गवत खाल्लं आणि त्या महिन्यात आपल्या बऱ्याच गाभण मेंढ्या गाभडल्या. त्यानंच झालं का, ते डॉक्टरलाही खात्रीनं सांगता आलं नाही. कामरगावकडे जायची आपली वाट तो नवा रुंद महामार्ग अडवून बसला आहे. दोन्ही बाजूंना भिंत. पलीकडे जायला खालून एक बोगदा आहे, त्यात पाणी साचतं आणि मेंढ्या अंधाराला बिचकून उलट्या फिरतात. ओढूनताणून पलीकडे गेलो तर ज्याच्या बापानं आपल्याला वाट पाहून मुक्कामाला बोलावलं, तोच पोरगा मेंढ्या बसवू देत नाही. “लेंड्यातून तणाचं बी येते वावरात, काकू. बाबाचा जमाना गेला.” तो उद्धट नव्हता. चहा घेऊन जा म्हणाला.

तुझ्या काळी रान होतं आणि पिलं मरायची. आता पिलं जगतात आणि त्यांना न्यायला रान नाही. मी इतकं शिकले ते कशासाठी, हे मला कोणी समजावून सांगावं. यंदा मी तुझ्या मुलाशी एकदाच वाद घातला. म्हटलं, एकही पिलू गेलं नाही या साली, असा कळप कोणी विकतं का. तो खाटेवर बसून पायातला काटा काढत होता. दिवसभर भरलेल्या वावरांच्या कडेकडेनं मेंढ्या फिरवून आणि लोकांचं बोलणं खाऊन आला होता. “जगवशीन तू,” म्हणाला. “मले माहीत हाये. पण जगवून याहिले कुठं नेऊ मी, ते सांग.” म्हणून हो म्हटलं.

व्यापारी कळप पाहायला आला होता. म्हातारा आहे, दाढी मेंदीनं रंगवलेली, मेंढीच्या पाठीवरून हात फिरवतो तोही मायेनं. “बेटी, माल एक नंबर ठेवला तुमी,” म्हणाला. मी विचारलं, पाळायला कोणी घेईल का, निदान माद्या तरी. त्यानं मान हलवली. “खोटं कायले बोलू? पाळणारा गिऱ्हाईक आता नाही राह्यला. सब कटाईले जाते.” मग माझ्या तोंडाकडे पाहून तो स्वतःच वरमला आणि पाणी मागितलं. मी त्याला पाणी दिलं. त्याचा काय दोष.

आज सकाळी एक मेंढी व्याली. कळपातली शेवटची गाभण. माझे हात त्यांच्या सवयीनं चालत राहिले. नाक पुसलं, बूच मोकळं केलं, नाळेला औषध लावलं, पिलू कासेला लावलं. तुझ्या मुलानं विचारलं, आता याचं काय. मग स्वतःच म्हणाला, “ते मायसंगं जाईन. इथं एकटं कोनापाशी राहीन?” नर आहे, धडधाकट, पांढऱ्या पायांचा. गाडीच्या गर्दीत दबलं नाही तर मंगरूळपर्यंत पोचेल, आणि त्यापुढे कुठं जाईल ते तो म्हातारा सांगून गेला आहे.

इतकी वर्षं पिलू पहिल्यांदा पायावर उभं राहिलं की मला आनंद झाला नाही असं कधी घडलं नाही. घरात कोणी आजारी असो, नवऱ्याशी अबोला असो, तू गेलीस त्या साली सुद्धा, त्या एका क्षणाला मला बरं वाटायचंच. आज ते धडपडलं, पुढचे गुडघे टेकून पडलं, पुन्हा धडपडलं. मी हात दिला नाही. जार पडायच्या आधीच ते चारी पायांवर उभं राहून माझ्याकडे पाहत होतं. तुला सोडून हे मी कोणाला सांगणार नाही, आणि हा कागद चुलीत घातल्यावर तुलाही सांगितलं असं होणार नाही. मी त्याच्या कानाजवळ तोंड नेलं आणि म्हटलं, कायले उठला रे बाप्पा.