देवळापाशी संपलेला नकाशा

गुरुजी, काल मी तुमचं घर गावातून काढून टाकलं. सकाळपासून मले हसू आवरून नाई राह्यलं. नात म्हणते, "आजी, काऊन एकटीच हसून राह्यली? लोक पाहून राह्यले." तिच्याच वहीचं पान फाडून हे लिहून राह्यली. तुम्हाले जाऊन लय वर्षं झाली, पण सांगितल्याशिवाय माझ्यानं राहवत नाई.

तालुक्याची एक मॅडम आली होती. पोरगीच म्हणा, पायात बूट. म्हणे गावाचा नकाशा काढाचा, कागदावर नाई, जमिनीवर, रांगोळीनं, न गावच्या बायांनीच. त्याच्यावरूनच नळाची लाईन पडणार, जे घर नकाशात नाई ते राह्यलं. रांगोळी कोणाच्या हाती द्यावी, तर साऱ्या बाया म्हणाल्या, आजीच्या. गुडघे वाकडे झाले पण माझी रेघ अजून सरळ पडते. न जागा कोणती, तर नाल्यापलीकडची, आमच्या वस्तीतली, विहारासमोरची. तुम्ही पाहिलं नाई न, डांबरी रस्ता आमच्याच अंगानं गेला. वर्ध्याची बस आमच्या लिंबाखाली थांबते. पाण्याची टाकी आमच्या टेकाडावर, आटाचक्की आमच्याकडं. तुमच्या जुन्या गावातले लोक डोक्यावर गहू घेऊन पूल ओलांडून येतात न माझ्या सुनेपुढं लायनीत उभे राहतात. सुनेच्या तोंडाचा पट्टा चक्कीच्या पट्ट्यापेक्षा जोरात चालते, पण ते राहू द्या, पान पुरणार नाई.

तिसरीतला तो दिवस तुम्ही विसरले असाल. मी नाई. तुम्ही फरशीवर खडूनं गाव काढलं, म्हणाले, आपापलं घर काढा. मी नाल्याच्या पलीकडं काढलं. लिंब काढला, दोन कोंबड्या काढल्या. तुम्ही येता, पाहता, न पायानं पुसून टाकता. "तुझं घर गावात नाही, गावाजवळ आहे. नकाशा नाल्यापाशी संपतो." सारी पोरं हसतात. एका कोंबडीची तंगडी तेवढी पुसाची राह्यली होती, तिच्याकडंच पाहत बसली मी. शाळा त्याच साली सुटली. खरं म्हणजे मायनं कापूस वेचाले नेलं म्हणून सुटली, पण बोल मी तुमच्याच माथी ठेवला, न तो काही काढणार नाई. गावाजवळच्या पोरीच्या डोक्यावरचं सरपण मात्र तुम्हाले चालत होतं. दर शनिवारी मीच आणत होती. तुमच्या घराले तीन पायऱ्या होत्या. तिसरीवर मोळी ठेवाची न परत फिराचं.

तर काल मी आधी आमचा लिंब काढला. गाव तिथून सुरू केलं. मग रस्ता, विहार, चक्की, टाकी, पूल, शाळा, न देवळापाशी येऊन हात झटकले. देवळामागं पार टोकाले तुमचं घर. तुमचा लेक काठी टेकत उभाच होता. तोही आता म्हातारा झाला.

"ताई, आमचं घर राह्यलं."

हे वाक्य मी जन्मभर तोंडात धरून ठेवलं होतं, गुरुजी. म्हटलं, "तुमचं घर गावात नाई, भाऊ. गावाजवळ आहे. नकाशा देवळापाशी संपते."

बाया खोखो हसल्या. मले तर पुरणपोळी खाल्ल्यासारखं झालं. तो काही चिडला नाई. म्हणाला, "मी पहिलीत होतो. त्याच खोलीत बसलो होतो. मीही हसलो होतो." न मग काही मागितलंच नाई त्यानं, काठीवर हात ठेवून उभा राह्यला.

मॅडम म्हणाली, "आजी, झालं? फोटो काढू?"

"काढ," म्हटलं. तिनं मोबाईल वर धरेस्तोवर माझी चिमूट सुटली. देवळामागं तीन पायऱ्या काढल्या, बरोबर तीन, न वर एक चौकोन. तुमच्यासाठी नाई. नळ त्याच्या घरी येणार, तुम्हाले त्यातलं घोटभर नाई.

दार मात्र काढलं नाई. बाया म्हणाल्या, आजीनं मुद्दाम सोडलं. मीही मान हलवली. तुम्हाले म्हणून सांगते, ते दार कोणत्या अंगाले आहे हेच मले ठाऊक नाई. मोळी ठेवताना मी कधी मान वर केली नाई. आता हे पान तुमच्या घरात टाकाचं तरी कुठून.