गोल जाळ्याचे तीन कोळी

तिगाव,
दि. १२ ऑक्टोबर २०२५

चि. सुप्रियास,
जय भीम. मी बरा आहो. भाकर करतो, भाजी कधी होते, कधी नाही.

आई गेली त्या दिवशी अंगणात तू म्हणाली होती, "बाबा, अंगावरून मकडी फिरल्यानं माणूस मरत नाही. कोणता कोळी होता तो ओळखून सांगा, तोवर बोलू नका माझ्याशी." तू शाळेत जीवशास्त्र शिकवते, मी जन्मभर रेल्वेच्या पटरीवर हातोडा मारला. तरी बसलो तुझं पुस्तक घेऊन. दोन महिने दुसरं कामच काय होतं!

न्हाणीजवळच्या सीताफळाला एक गोल जाळं आहे. मधात पांढऱ्या धाग्याची नागमोडी रेघ, तिच्यावर पिवळ्या पट्ट्यांचा कोळी उलटा बसून राहतो, पाय जोडी-जोडीनं फुलीसारखे धरून. पुस्तकात त्याला सही कोळी म्हटलं आहे. दुसरा भुरा, केसाळ. दिवस बुडाला की बल्बाजवळ जाळं विणतो अन् सकाळी तेच खाऊन पानाआड जातो. तिसरा संत्र्यावर, पाठीला काटे, अंग टणक. शेजारच्या लीलाबाई कुंपणावरून म्हणे, "हिरामणभाऊ, येडे झाले का? झाडू फिरवा ना!" मी म्हटलं, हो, झालो येडा.

तिघांनाही हातावर चढू दिलं. चावले नाहीत, फोड आला नाही. हे गोल जाळेवाले माणसाच्या वाट्याला जात नाहीत, असं पुस्तकात लिहिलंच आहे. वाचून मला काही वाटलं नाही. सुमन गेली तेव्हापासून काही वाटतच नाही. मी रडलो नाही, त्याचाही तुला राग आहे, मला माहीत आहे.

कोळी नव्हता, सुप्रिया. डॉक्टरनं कागदावर मण्यार साप लिहिला होता. रात्री लाइन गेली, पंखा बंद पडला, म्हणून ती खाली जमिनीवर निजली होती. कागद मी पेटीत ठेवला अन् साऱ्यांना मकडी सांगितली. तुलाही.

सकाळी तिच्या दंडावर बारीक लाल ठिपका होता. गावात कोणाला मकडी फिरली की लोक माझ्याकडंच येतात, मी आमचूर घासून लावतो. तिलाही लावला. पोट दुखून राहिलं म्हणाली, तर म्हटलं, रातची शिळी भाजी. डोळे उघडून नाही राहिले म्हणाली, तर म्हटलं, नीज. दवाखाना पांढुर्ण्याला, तिकडची गाडी माझ्या डोळ्यांदेखत गेली.

ती दोनदा म्हणाली, "सुप्रियाले फोन लावा, तिले समजते." पहिल्यांदा म्हटलं, पोरगी वर्गात असन, कशाले त्रास? दुसऱ्यांदा तिची जीभ जड झाली होती, तरी तुझं नाव नीट निघालं. फोन माझ्या खिशात होता. तू माझ्या आमचुराला हसशील, म्हणून लावला नाही.

दवाखान्यात नेली तोवर उशीर झाला होता. नंतर मी डॉक्टरला विचारलं. सकाळीच आणली असती तर वाचली असती, म्हणाला.

कागद सोबत पाठवून राहिलो. शिव्या द्यायच्या असतील तर घरी येऊन दे, पोरी. सगळ्या ऐकून घेईन.

तुझा बाप,
हिरामण